सातारा पडला, युद्ध संपले नाही

2009 च्या मार्चमध्ये ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या ब्रिटिश कंपनीने ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा संगणकावरचा युद्धखेळ बाजारात आणला. अठराव्या शतकातले जग, युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन नकाशे, आणि खेळाडूने निवडायच्या सत्तांमध्ये इंग्रज, फ्रेंच, प्रशियन यांच्या पंगतीला मराठे. खेळ सुरू होतो 1700 साली, आणि त्यात मराठ्यांची राजधानी आहे सातारा. साताऱ्यावर चालून जाणाऱ्या सत्तेचा मार्ग त्यात सरळ असतो. फौज जमवायची, साताऱ्याला वेढा घालायचा, शहर घ्यायचे. ते घेतले की त्याला जोडलेल्या सगळ्या मुलखाचा रंग बदलतो, तिथला महसूल आपल्या खजिन्यात येऊ लागतो आणि तो विषय मिटतो. खऱ्या 1700 साली सातारा खरोखरच वेढ्यात होता आणि 21 एप्रिलला तो मोगलांनी घेतलाही. पण विषय मिटला नाही. पुढची सात वर्षे युद्ध चालले आणि वेढा घालणारा बादशहाच त्यात संपला. खेळातला सातारा आणि खरा सातारा यांच्यातल्या या अंतरात संगणकाच्या प्रतिस्पर्ध्याचे सगळे दुखणे सापडते. या खेळांमधला शत्रू अवघड करायचा म्हणजे त्याला जास्त धान्य, जास्त सोने, जास्त शिपाई द्यायचे, असा रिवाज पडून गेला आहे. खरी गरज आहे ती त्याला युद्ध कसे करावे आणि कधी थांबवावे हे शिकवण्याची.

हा प्रतिस्पर्धी मुळात काय असतो ते आधी पाहू. खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘एआय’ म्हणतात, पण हल्ली ज्याचा गाजावाजा चालू आहे त्या शिकणाऱ्या यंत्रांशी त्याचा संबंध क्वचितच असतो. बहुतेक खेळांत तो एक हिशेबनीस असतो. प्रत्येक खेपेला तो शेजाऱ्यांची यादी काढतो. कुणाची फौज किती, सरहद्द किती जवळ, आपल्याशी संबंध कसे, दुसरीकडे तो गुंतलेला आहे का, अशा प्रश्नांना आकडे देतो आणि त्यांची बेरीज करतो. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की युद्ध पुकारतो. त्यातच प्रत्येक राजाच्या स्वभावाचे आकडे मिसळलेले असतात. कुणी विस्ताराला हपापलेला, कुणी व्यापारात रमणारा, कुणी दगाबाज. ही पद्धत वाईट नाही, माणसेही काहीशी अशीच ठरवतात. पण बेरजेत जे धरलेले नसते ते या हिशेबनिसाच्या लेखी जगात नसतेच. ‘एम्पायर’ बाजारात आला तेव्हा संगणकाच्या सत्तांना जहाजांतून फौज नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवता येत नव्हते, ते नंतरच्या सुधारणेत आले. अठराव्या शतकाच्या खेळात इंग्रज समुद्र ओलांडून चाल करत नाहीत, म्हणजे त्या शतकाचा निम्मा इतिहासच गळाला. उलट संगणकाच्या हातातले मराठे मोगलांना गिळून सगळा हिंदुस्थान व्यापतात आणि मग कुणी कितीही लाभाचा तह पुढे केला तरी ऐकत नाहीत, हा अनुभव या खेळाच्या असंख्य खेळाडूंनी घेतला आहे.

खेळाडू सरावला की त्याला हा हिशेबनीस सहज हरवता येतो. मग खेळ बनवणारे काय करतात? अवघडपणाच्या पायऱ्या ठेवतात आणि वरच्या पायऱ्यांवर तराजूत हात घालतात. ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ या गाजलेल्या खेळात सगळ्यात वरच्या ‘डेइटी’ पायरीवर खेळाडू नवे नगर वसवणारी एक तुकडी घेऊन सुरुवात करतो, तर संगणकाला अशा तीन तुकड्या मिळतात. शिवाय उत्पादनात वाढ आणि लढाईत जादा बळ मिळते ते वेगळेच. ‘स्टारक्राफ्ट टू’ने निदान लपवाछपवी केली नाही. त्याच्या वरच्या तीन पायऱ्यांची नावेच ‘चीटर’ अशी आहेत. एकीत संगणकाला सगळा नकाशा दिसतो, पुढच्या पायरीत त्याला जादा साधनसामग्रीही मिळते. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ 1999 मध्ये आला तेव्हा त्याचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धीही फुकटच्या रसदीवर पोसलेला होता. वीस वर्षांनी, 2019 मध्ये, त्याची नवी आवृत्ती काढताना बनवणाऱ्यांनी फुकट रसद न घेता चांगले खेळणारा नवा प्रतिस्पर्धी लिहिला आणि जुन्या लबाड संगणकाला तो हरवतो हे दाखवून दिले. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, कारण लबाडीशिवाय संगणकाला अवघड करताच येत नाही हा युक्तिवाद तिथेच निकालात निघाला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जादा रसद देणे ही लबाडी का मानावी? दोन असमान खेळाडूंना समान पातळीवर आणायची ती जुनी, सरळ आणि सर्वांना कळणारी रीत आहे. बुद्धिबळात तरबेज खेळाडू नवख्यासमोर बसताना आपला घोडा किंवा वजीर आधीच पटावरून काढून ठेवतो, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. सांगलीकरांना तर हे सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी घडवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि उन्हाळ्यातल्या तिथल्या बुद्धिबळ महोत्सवामुळे या गावाची ओळख देशभर पोचली. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि 1991 मध्ये आशियाई विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच मातीतल्या. पण बुद्धिबळाचाच दाखला नीट तपासला तर तो आक्षेपाच्या उलट बाजूने बोलतो. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवले तेव्हापासून यंत्र बलवान करण्याचा प्रश्न बुद्धिबळात उरला नाही. प्रश्न उलटा झाला. हे यंत्र दहा वर्षांच्या मुलाशी खेळण्याजोगे कसे करायचे? ‘स्टॉकफिश’ या मुक्त प्रणालीत कौशल्याच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर ती मुद्दाम, काहीशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कमी प्रतीची चाल निवडते. परिणाम असा की यंत्र काही चाली जगज्जेत्यासारख्या खेळते आणि मध्येच उगाच एक मोहरा देऊन टाकते. कुठलाही माणूस असा चुकत नाही. म्हणून 2020 मध्ये टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘माया’ नावाची प्रणाली पुढे आणली. जिंकणारी चाल शोधण्याऐवजी, 1100 किंवा 1500 किंवा 1900 गुणांकनाचा माणूस या जागी कोणती चाल खेळेल, हे ती लाखो मानवी डावांवरून शिकते. तालमीतला वस्ताद पोराशी जोर करताना जितका हात सैल सोडतो तितकाच सोडतो, पण डाव मात्र खरेच टाकतो. ‘माया’मागची दृष्टी तीच आहे. वजीर काढून ठेवला तरी समोरचा बुद्धिबळच खेळत असतो. युद्धखेळात जादा रसद मिळालेला संगणक युद्ध खेळतच नसतो, तो फक्त जास्त शिपाई पाठवतो.

युद्ध खेळणे म्हणजे काय, हे पाहायला साताऱ्याच्या वेढ्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. औरंगजेबाने 1699 च्या पावसाळ्यानंतर ब्रह्मपुरीचा तळ सोडला, कऱ्हाडजवळचा वसंतगड घेतला आणि डिसेंबरात तो साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याखाली येऊन ठेपला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. चार महिने मोर्चे लागले, तोफा डागल्या, डोंगराच्या पोटात सुरुंग खणले गेले. खाली बादशहाची छावणी म्हणजे एक चालते शहर, आणि त्या शहराला लागणारे धान्य, वैरण, सरपण बाहेरून आणावे लागे. बाहेर मराठी फौजा त्या रसदेवर टपून होत्या. मार्चच्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. 13 एप्रिलला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने तटाचा भाग आत कोसळला, त्याखाली काही मराठे गाडले गेले. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्यात अडकले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसरा सुरुंग उलटला. हल्ल्यासाठी तटाखाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच कडा कोसळला आणि सुमारे 2,000 माणसे दगावली, असे इतिहासकार सांगतात. तरी गड लढवत राहण्यात अर्थ उरला नव्हता. आठवड्याभरात बोलणी झाली, शिबंदीला जिवंत बाहेर पडू देण्याच्या अटीवर किल्ला दिला गेला आणि त्याचे नाव आजमतारा झाले. लागोपाठ परळीचा सज्जनगडही गेला.

या चार महिन्यांतले किती निर्णय आजच्या खेळातल्या संगणकाला घेता येतील? वेढ्यातला संगणक बहुधा दोनच गोष्टी जाणतो, दाराबाहेर पडून लढणे किंवा उपासमारीने संपणे. अट घालून गड सोडणे आणि तीच माणसे पुढच्या मोहिमेसाठी राखणे त्याच्या बेरजेत नसते. राजा गेल्यावर बहुतेक खेळांत नुसते एक नाव जाऊन दुसरे येते. इथे महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि युद्धाचा जोर वाढला. दुसऱ्या बाजूला औरंगजेबाकडे पाहा. त्याने पुढच्या पाच वर्षांत पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा घेतले, त्यातले बरेचसे वेढ्याच्या शेवटी पैसे मोजून. खेळातल्या गुणांच्या फळ्यावर तो दर वर्षी वर चढत होता. नकाशावरचे रंग त्याच्या बाजूने बदलत होते. प्रत्यक्षात त्याची फौज, जनावरे, खजिना आणि सरदारांचा धीर एकेका किल्ल्यामागे झिजत होता, आणि त्याची पाठ फिरताच मराठे किल्ले परत घेत होते. साताराही काही वर्षांतच परत आला. 1707 मध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत बादशहा वारला आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी 1708 मध्ये, याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. शहरे मोजून विजय ठरवणाऱ्या संगणकाला हे युद्ध मोगलांनी जिंकलेले दिसले असते. औरंगजेबालाही ते बराच काळ तसेच दिसले असावे, असे मला वाटते, आणि म्हणूनच हा वेढा या विषयात इतका बोलका आहे.

नकाशाच्या रंगांचा मुद्दा आणखी पुढे न्यायला हवा, कारण संगणकाची बरीचशी मंदबुद्धी तिथून उगम पावते. एका मुलखाला एक रंग, म्हणजे एकच मालक, हे गृहीत धरले की युद्धाचा हेतूही एकच उरतो, मुलूख घेणे. 1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथ आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन साताऱ्याला आले. महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा, आणि मुलूख मात्र नावाने बादशहाचाच. सातारा दरबाराची वाढ या दुहेरी मालकीवर झाली. कुठे हल्ला करायचा, कुठे नुसती फौज दाखवून वसुली करायची, कुठे वसुली देणाऱ्याचे रक्षण करायचे, अशी निवड या पद्धतीत सतत करावी लागे. याच भूमीत 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा हे भागही येत. जिल्ह्याचे ठाणे, कचेरी, खजिना पूर्णवेळ इंग्रजांच्या हाती होता आणि गावोगावी प्रतिसरकारची न्यायदान मंडळे निवाडे करत होती. या जिल्ह्याचा रंग कोणता दाखवायचा? ज्या खेळाला हा प्रश्न पडत नाही त्याच्या संगणकाला छापा, खंडणी, माघार, दबाव यांपैकी काही शिकवताच येत नाही, कारण शिकून त्याला मिळणार काय? खेळाचे नियम ज्याला बक्षीस देतात तेच संगणक करतो.

मैत्री आणि वैराच्या बाबतीत तर संगणक सर्वांत उघडा पडतो. ‘शोगन टू’ या 2011 च्या खेळात एक प्रसिद्ध तरतूद आहे. खेळाडू फार बलवान झाला की जवळजवळ सगळी घराणी, त्यांत जुने मित्रही, एकदम त्याच्यावर उलटतात. हेतू समजण्यासारखा आहे. शेवटचा टप्पा सोपा होऊन खेळ निरस होऊ नये म्हणून ही योजना. पण ते वागणे कोणत्याही माणसाचे नाही, खेळ लांबवू पाहणाऱ्या योजकाचे आहे, आणि खेळाडूला ते लगेच जाणवते. याउलट 2013 च्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’मध्ये तुम्ही बळकावलेल्या प्रत्येक मुलखाची धास्ती जवळच्यांना जास्त, लांबच्यांना कमी वाटते. ती साठत जाते, काळाबरोबर ओसरते, आणि फार साठली तर धास्तावलेले शेजारी मिळून आघाडी करतात. तहातही सगळे किंवा काहीच नाही असे नसते. युद्धातल्या यशाच्या मापाने किती मुलूख, किती पैसा मागायचा ते ठरते. आता हे तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या कारकिर्दीशी ताडून पाहा. 1790 मध्ये पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी या तिघांनी टिपू सुलतानाविरुद्ध आघाडी केली. तिघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता, तरी टिपूची धास्ती अविश्वासाहून मोठी होती. परशुरामभाऊंनी कंपनीच्या तुकडीसह धारवाडला वेढा घातला आणि 1791 च्या एप्रिलमध्ये ते घेतले. 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने निम्मे राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये देण्याचे मान्य केले, दोन मुलगे ओलीस दिले, आणि तो राजा म्हणून राहिला. जिंकणाऱ्या तिघांनी त्याला संपवले नाही, कारण तो संपला तर उरलेल्या तिघांत कोण बलवान होईल ही चिंता प्रत्येकाला होती. तीन वर्षांत, मार्च 1795 मध्ये, खर्ड्याला मराठी फौजा कालच्या मित्रावर, निजामावर, चालून गेल्या. सेनापती पुन्हा परशुरामभाऊ. कंपनी बाजूला उभी राहिली. 1799 मध्ये भाऊ पडले ते कोल्हापूरकरांशी लढताना. या सगळ्याला लहर म्हणता येणार नाही. प्रत्येक वळणाला कारण आहे आणि कारण आधीपासून दिसत होते. चांगल्या प्रतिस्पर्ध्याचे वैर असे हवे. ते अनपेक्षित वाटले तरी चालेल, पण मागे वळून पाहिल्यावर उमगले पाहिजे.

खेळ बनवण्यात मुरलेल्या माणसांचा याला एक गंभीर विरोध आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, लोकांना खरा शत्रू नकोच असतो, त्यांना जिंकण्याचा आनंद हवा असतो. ‘सिव्हिलायझेशन’चे जनक सिड मायर यांनी 2010 च्या एका व्याख्यानात सांगितले होते की तिनास एक असे पारडे असताना खेळाडू लढाई हरला तर त्याला अन्याय वाटतो, चारांत एकदा हरणे हे गणिताने बरोबर असले तरी. मग गणित खेळाडूच्या भावनेला जुळवून घ्यावे लागते. त्याच मालिकेतल्या चौथ्या खेळाचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी 2008 मध्ये ‘चांगला’ संगणक आणि ‘मजेदार’ संगणक असा फरक मांडला. जिंकण्यासाठीच खेळणारा संगणक संधी मिळताच प्रत्येक मित्राचा गळा कापेल, आणि मग मैत्रीला अर्थच राहणार नाही. याच मालिकेतल्या गांधीजींची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. पहिल्या खेळात आकड्यांच्या गफलतीमुळे शांतताप्रिय गांधी अण्वस्त्रे टाकणारे झाले, अशी आख्यायिका वर्षानुवर्षे फिरली. मायर यांनी 2020 च्या आत्मकथनात ती खोटी असल्याचे सांगितले. 2010 च्या पाचव्या खेळात मात्र अण्वस्त्रांच्या ओढीचा त्यांचा आकडा मुद्दामच दहाच्या मापात बारा ठेवला गेला. लोकांना ते आवडले, हे खरे. मला ते पटत नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या वर्तनाच्या नेमके उलटे वर्तन त्याच्या नावावर चिकटवल्याने प्रतिस्पर्धी खोल होत नाही, फक्त चकित करतो, आणि तेही एकदाच.

मायर आणि जॉन्सन यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. खेळाडूला अन्याय वाटतो तो हरण्यामुळे कमी आणि कारण न कळल्यामुळे जास्त. जॉन्सन यांच्याच खेळात याचे उत्तर होते. प्रत्येक राजाचे तुमच्याविषयीचे मत तिथे यादीच्या रूपाने दिसते. तुम्ही आमच्या मित्रावर चाल केलीत म्हणून इतके वजा, आपला धर्म एक म्हणून इतके अधिक. ती यादी पाहणाऱ्याला दगाफटका सहन होतो, कारण तो येताना दिसतो. साताऱ्याच्या वेढ्यासारख्या युद्धालाही हेच लागू आहे. सतत पळणारा, रसद तोडणारा, कधीच मैदानात न येणारा शत्रू खेळाडूला वात आणेल, हा आक्षेप खरा आहे. इतिहासात त्याने औरंगजेबालाही वात आणला. पण खेळात त्याला उतारा देता येतो. पाठलागाऐवजी खोऱ्यातली गावे राखणे, एखाद्या सरदाराला वतन देऊन फोडणे, चौथाई मान्य करून तह करणे, असे पर्याय खेळाडूच्या हाती दिले आणि शत्रूचा थकवाही त्याला दिसू दिला, तर तो चिडण्याऐवजी विचार करू लागेल. ज्या खेळाडूला हे नको असेल त्याच्यासाठी खालची पायरी आहेच. तिथे शत्रूने कमी वेळा छापे घालावेत, तह लवकर मान्य करावा, पण वागावे मात्र त्याच जातकुळीने.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि नव्या तंत्राचा. 2019 मध्ये ‘डीपमाइंड’च्या ‘अल्फास्टार’ने ‘स्टारक्राफ्ट टू’मध्ये क्रमवारीतल्या 99.8 टक्के खेळाडूंच्या वरची पातळी गाठली. मग हा प्रश्न यंत्रशिक्षणावर सोडून का देऊ नये? कारण त्या यशाची जात वेगळी आहे. अल्फास्टार एकास एक झुंजीत जिंकायला शिकला, त्यासाठी प्रचंड संगणकशक्ती खर्ची पडली, आणि सुरुवातीच्या सामन्यांत त्याच्या हातांचा वेग व नकाशा पाहण्याची मुभा माणसाला न्याय्य नाही अशी टीका झाल्यावर त्याला मर्यादा घालाव्या लागल्या. म्हणजे बळ मिळाल्यावर पुन्हा तोच प्रश्न पुढे आला, समोरच्याला न्याय्य वाटेल असा प्रतिस्पर्धी कसा घडवायचा. दहा-बारा सत्तांच्या नकाशावर, जिथे काही जणांना जिंकायचेही नसते, फक्त टिकून राहायचे असते, तिथे जिंकणे हे एकच ध्येय शिकवून भागत नाही. मिरज-सांगलीच्या पटवर्धनांना हिंदुस्थान जिंकायचा नव्हता, आपला सरंजाम राखायचा होता. संगणकाला असे छोटे, खरे ध्येय देणे हे महागडे काम नाही. हिशेबनिसाच्या बेरजेत चार रकाने वाढवावे लागतात. फौजेचा थकवा, सरदारांची निष्ठा, टिकून राहण्याची किंमत, आणि समोरचा संपला तर पुढे कोण उरेल याचा अंदाज.

हे काम करायला मोठ्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही. ‘झिरो ए.डी.’ हा विनामूल्य, मुक्त स्रोताचा युद्धखेळ कुणालाही उतरवून घेता येतो. त्यात मौर्यांची फौजही आहे. त्याच्या संगणक-प्रतिस्पर्ध्याचे नाव ‘पेट्रा’. तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, त्याची प्रत्येक ओळ वाचता आणि बदलता येते, आणि त्यात अवघडपणाची पायरी व वागण्याची तऱ्हा, म्हणजे बचावाची की आक्रमणाची, या दोन गोष्टी आधीच वेगवेगळ्या निवडता येतात. सुरुवात करायला एवढे पुरे आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी संगणकशास्त्र शिकणारी आणि रात्री हेच खेळ खेळणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. जादा सोन्याचा एक कणही न देता, वेढ्यात अट घालून गड सोडणारा, रसदेवर टपणारा आणि थकला की तहाला बसणारा प्रतिस्पर्धी लिहावा, आणि त्याला आधीच्या पेट्रासमोर उभे करून पाहावे.